बाळंतिणीचा मेंदू

गर्भार बाईच्या विसराळूपणाची थट्टा आपल्या घरांतून फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. आमटीत मीठ दोनदा पडले, दूध उतू गेले, किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या, की घरातले कोणीतरी हसून म्हणते, "असू दे हो, दोन जिवांची आहे. तिचं लक्ष आता इकडे कुठलं?" ही थट्टा प्रेमाची असते. पण हीच बाई काही महिन्यांनी बाळंत होते, आणि त्या दिवसापासून त्याच घरातली तीच माणसे तिच्याविषयी अगदी उलट बोलू लागतात. मूल का रडते, ते भुकेले आहे की त्याचे पोट दुखते आहे, त्याला उचलून घ्यावे की निजू द्यावे, हे सारे तिला ठाऊक असलेच पाहिजे, असे सगळे गृहीत धरून चालतात. "आईला ते आतूनच कळतं," असे म्हटले की प्रश्न मिटला!

म्हणजे मौज बघा. प्रसूतीच्या आदल्या दिवशी जिला साधी किल्ली कुठे ठेवली ते आठवत नव्हते, ती दुसऱ्या दिवशी सर्वज्ञ! या दोन समजुतींपैकी खरी कोणती? मी मानसशास्त्र शिकवणारा माणूस आहे, वैद्य नव्हे. परंतु या विषयावर अलीकडे जे संशोधन झाले आहे ते वाचल्यावर मला असे वाटते, की या दोन्ही समजुती अर्धवट आहेत; आणि त्यांतली दुसरी, जी ऐकायला अधिक गोड लागते, तीच बाळंतिणीला अधिक जाचक ठरते. आज त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

माणसाचा मेंदू लहानपणी घडतो, वयात येताना त्याची पुन्हा एकदा जुळवाजुळव होते, आणि पुढे म्हातारपणी झिजू लागेपर्यंत तो बहुतांशी आहे तसाच राहतो, ही समजूत पुष्कळ काळ शास्त्रज्ञांतही रूढ होती. गर्भारपणात स्त्रीचे रक्त वाढते, हृदयाचे काम वाढते, हे वैद्यकाला माहीत होते. पण कवटीच्या आत काय घडते आहे ते जिवंत माणसात पाहायची सोय नव्हती. एमआरआय हे यंत्र आले आणि ती सोय झाली. या यंत्रात क्ष-किरण नसतात. चुंबकाच्या साह्याने मेंदूचे चित्र घेतले जाते. २००२ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी नऊ निरोगी स्त्रियांचे मेंदू या यंत्राने गर्भारपणात आणि नंतर मोजले. तेव्हा असे आढळले, की दिवस भरत येतात तसतसा मेंदूचा आकार किंचित लहान होत जातो, आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांत तो पूर्ववत होतो.

परंतु एकंदर आकार पूर्ववत झाला म्हणजे आतली मांडणीही पूर्वीसारखी झाली, असे नव्हे. घराच्या भिंती त्याच असतात आणि आतले सामान सगळे हललेले असते, असे होऊ शकते. हा प्रश्न बार्सिलोनाच्या विद्यापीठातील एल्सेलिन हुक्झेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. ज्यांना मूल हवे होते पण अद्याप दिवस गेलेले नव्हते, अशा स्त्रियांच्या मेंदूंची चित्रे त्यांनी आधीच घेऊन ठेवली. आणि त्यांच्यापैकी २५ जणी पहिलटकरणी म्हणून बाळंत झाल्यावर पुन्हा घेतली. तुलनेला ज्यांना मूल झाले नव्हते अशा २० स्त्रिया होत्या आणि नव्यानेच बाप झालेले १९ पुरुष होते. हे काम पाच वर्षांहून अधिक काळ चालले होते. त्याचे निष्कर्ष २०१६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष असा, की आई झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या मेंदूतील करडे द्रव्य काही ठराविक ठिकाणी कमी झाले होते. करडे द्रव्य म्हणजे मज्जापेशींची दाटी असलेला, मेंदूच्या पृष्ठभागाजवळचा थर. हा बदल इतका सारखा होता, की केवळ आधीची आणि नंतरची चित्रे पाहून कोणती स्त्री आई झाली आहे आणि कोणती नाही, हे संगणकाला एकही चूक न करता सांगता आले. पुरुषांच्या मेंदूत असा बदल त्या पाहणीत दिसला नाही. दोन वर्षांनी काही आयांची पुन्हा तपासणी केली, तेव्हाही बदल बहुतेक तसाच होता. आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या पाहणीत तर तो सहा वर्षांनंतरही बऱ्याच अंशी टिकलेला आढळला.

करडे द्रव्य कमी झाले, हे ऐकून कोणाही स्त्रीच्या पोटात धस्स होईल. म्हणजे बाळ झाले आणि बुद्धी गेली की काय? तसे मुळीच नाही. नाशिककडच्या द्राक्षबागाइतदाराला विचारून पाहा. एप्रिलमध्ये तो वेलीची खरड छाटणी करतो, तेव्हा नवख्या माणसाला वाटते, की याने चांगली बाग बोडकी करून टाकली. पण छाटली नाही, तर वेलीचे बळ साऱ्या फांद्यांत वाटले जाते आणि पुढे घडांना काही उरत नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मेंदूतही करडे द्रव्य असेच कमी होत असते. तिथे आपण बुद्धी गेली असे म्हणत नाही. पोर जाणते झाले, असे म्हणतो. २०१९ साली याच संशोधकांच्या गटाने या दोन्ही अवस्थांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तेव्हा पहिलटकरणीच्या मेंदूतला बदल आणि वयात येणाऱ्या मुलीच्या मेंदूतला बदल यांत विलक्षण साम्य आढळले. एमआरआयच्या चित्रात एकेक पेशी दिसत नाही, त्यामुळे ही छाटणी पेशींच्या पातळीवर नेमकी कशी होते हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. पण ती कुठे होते, हे मात्र स्पष्ट दिसते. आणि ते फार बोलके आहे. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल, त्याला काय हवे असेल, याचा अंदाज मेंदूच्या ज्या भागांत बांधला जातो, बहुतांशी त्याच भागांत हा बदल होतो. आयांना आपल्या बाळाची छायाचित्रे दाखवली, तेव्हा यांतलेच काही भाग विशेष उजळले. आणि ज्यांच्यात बदल अधिक, त्यांची आपल्या बाळाशी जवळीकही अधिक आढळली. ज्याला अजून बोलता येत नाही, अशा जिवाचे मन वाचण्यासाठी जणू मेंदू तयारी करतो.

ही तयारी कसकशी होत जाते, हे २०२४ साली आणखी बारकाईने कळले. कॅलिफोर्नियातील एलिझाबेथ क्रॅस्टिल या मेंदूचाच अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांनी स्वतःच्या गर्भारपणाचीच प्रयोगशाळा केली. दिवस जाण्याच्या तीन आठवडे आधीपासून ते बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या मेंदूची २६ वेळा चित्रे घेण्यात आली. करडे द्रव्य आठवड्या-आठवड्याने कमी होत गेलेले त्यांत दिसले. पण त्याच वेळी मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे जे पांढरे द्रव्य, त्याची जुळणी मात्र गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत अधिक बळकट झाली होती. बाळंतपणाच्या सुमारास ती पुन्हा पूर्वपदावर आली. त्याआधी २०१० साली अमेरिकेतच १९ आयांची प्रसूतीनंतर दोन-चार आठवड्यांनी आणि पुन्हा तीन-चार महिन्यांनी तपासणी झाली होती. तेव्हा या अवधीत त्यांच्या मेंदूतील काही भागांचे करडे द्रव्य वाढलेले आढळले होते. छाटणीनंतर पालवी फुटावी, तसेच हे.

मग त्या विसराळूपणाचे काय? तो सर्वस्वी खोटा नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पूर्वीच्या २० पाहण्या एकत्र करून १,२०० हून अधिक स्त्रियांची माहिती तपासली. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत स्मरणशक्ती आणि एकाग्रता थोडी उतरते, असे त्यांना आढळले. पण "थोडी" या शब्दाकडे लक्ष द्यावे. ती उतरूनही सर्वसाधारण माणसाच्या मर्यादेतच राहते. जाणवते ती तिला स्वतःला आणि फार तर घरच्यांना. बार्सिलोनाच्या स्त्रियांच्या स्मरणशक्तीत तर बाळंतपणाआधी आणि नंतर काही फरकच दिसला नव्हता. उंदरांवरचे प्रयोग याच्याही पुढे जातात. १९९९ साली अमेरिकेतील क्रेग किन्सले आणि केली लॅम्बर्ट यांनी दाखवून दिले, की पिले झालेली उंदरीण चक्रव्यूहातले अन्न न व्यालेल्या उंदरिणीपेक्षा लवकर हुडकते आणि ते कुठे होते हे लक्षात ठेवते. तेव्हा किल्ली विसरणाऱ्या बाईची बुद्धी गेलेली नसते. तिचे मन दुसऱ्या कामावर रुजू झालेले असते, आणि बहुधा तिची झोपही झालेली नसते.

आता मी दुसऱ्या समजुतीकडे येतो. "आईला ते आतूनच कळतं." इतके बदल जर आपोआप होत असतील, तर हे म्हणणे खरेच ठरले, असे कोणी म्हणेल. इथे एक जुना प्रयोग सांगितला पाहिजे. न व्यालेल्या उंदरिणीपुढे नुकती जन्मलेली पिले ठेवली, तर ती त्यांना टाळते. प्रसंगी खाऊनही टाकते. १९६८ साली अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात जोसेफ टर्केल आणि जे रोझेनब्लॅट यांनी नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीच्या रक्तातला पातळ भाग काढून तो न व्यालेल्या उंदरिणीला टोचला. ती एरवीपेक्षा लवकर पिलांची काळजी घेऊ लागली! पुढे १९७२ साली त्यांनी दोघींचे रक्त नळीवाटे प्रत्यक्ष एकीतून दुसरीत फिरवले. तेव्हा तर दिवस उलटण्याच्या आतच ती पिलांना तोंडात धरून घरट्यात आणू लागली, चाटू लागली. म्हणजे आईपण रक्तातून वाहते, हे शब्दशः खरे ठरले. रक्तातले हे द्रव्य म्हणजे संप्रेरके. माणसातही गर्भारपणी वारेतून इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके एरवीच्या कित्येक पटींनी रक्तात उतरतात. त्यांनीच मेंदूची ही मशागत होते.

परंतु त्याच रोझेनब्लॅट यांचा १९६७ सालचा, म्हणजे त्याच्याही आधीचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. त्यांनी न व्यालेल्या उंदरिणींना काहीच टोचले नाही. फक्त रोज नवी पिले त्यांच्याजवळ ठेवली. पहिले काही दिवस त्यांनी ढुंकून पाहिले नाही. पण सरासरी सहा-सात दिवसांत त्याही पिलांना जवळ घेऊ लागल्या. एवढेच काय, पण नरसुद्धा घेऊ लागले! आईपणाला जाणाऱ्या वाटा दोन आहेत, हा त्या प्रयोगाचा अर्थ. एक वाट रक्तातून जाते, दुसरी सहवासातून. पहिलीने दार लवकर उघडते. पण दुसरीही तिथेच पोचते, आणि पहिल्या वाटेने आलेल्या आईलाही पुढची मजल सहवासाच्याच वाटेने करावी लागते.

माणसांत हे कसे दिसते? इस्रायलमधील रूथ फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली नव्याने आईबाप झालेल्या ८९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत बाळाचे सगळे करणाऱ्या आया होत्या, आयांना हातभार लावणारे बाप होते, आणि ज्या घरांत आई नाही, दोन पुरुषच मूल वाढवतात, असेही बाप होते. बाळाबद्दलची जागरूकता, त्याच्यासाठी कान टवकारणे, हे मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागावर पुष्कळसे अवलंबून असते. हातभार लावणाऱ्या बापांत तो आयांपेक्षा कमी चेतत होता. पण जे पुरुष स्वतःच बाळाला सांभाळत होते, त्यांच्यात तो आयांइतकाच चेतत होता. जो बाप बाळापाशी अधिक वेळ घालवतो, त्याच्या मेंदूतले हे धागे अधिक घट्ट जुळलेले होते. म्हणजे "पुरुषाला काय कळतं मुलातलं?" हा प्रश्न खरे तर असा हवा: पुरुषाने मुलापाशी वेळ किती घालवला?

हे सारे एखाद्या बाईच्या जिवाशी कसे येऊन भिडते, याचा एक अनुभव सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला पाहायला आम्ही उभयता गेलो. घरातल्या बायका चहाच्या गडबडीत होत्या. तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मानसशास्त्रात याला काही नाव आहे का? सगळ्याजणी म्हणतात, बाळाला पाहिलं की आतून माया दाटून येते. आज आठ दिवस झाले. मला नुसती भीती वाटते आणि झोप येते. माया काही येत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

मी तिला रोझेनब्लॅटच्या उंदरांची गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, "म्हणजे मला आणखी थोडे दिवस द्या, असंच ना?" असेच. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती बाई शहाणी. रात्रीचे पाजून झाले की बाळाला ती आपल्या खोलीत नेऊ लागली, आणि मुलगी सलग चार तास तरी झोपू लागली. दीड महिन्याने मला फोनवर बाळाच्या हसण्याचेच वर्णन अर्धा तास ऐकावे लागले. तिच्यात काही कमी नव्हते. आईपण तिच्यात घडत होते, आणि घडायला वेळ लागतो, एवढेच तिला कोणी सांगितलेले नव्हते.

पण प्रत्येक वेळी गोष्ट इतकी सहज सुटत नाही. वार पडली, की इतके महिने चढत गेलेली संप्रेरके थोड्याच दिवसांत खाली उतरतात. या घसरणीत बहुतेक बाळंतिणींना पहिल्या आठवड्यात उगाच रडू येते, चिडचिड होते. ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळ झोपले असतानाही झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, आपण आई म्हणून नालायक आहोत असे सारखे मनात येत असेल, तर ते ओसरण्याची वाट पाहू नये. तो आजार आहे, आणि तो क्वचित आढळणारा नाही. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भवती स्त्रियांना पाहणीत घेतले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे, की बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के आया नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. आणि हे नैराश्य केवळ रक्तातल्या संप्रेरकांचे नव्हते. घरची ओढग्रस्त, नवऱ्याशी न पटणे, त्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, हीही त्याची कारणे आढळली. मेंदू ज्या दिवसांत नव्याने घडत असतो, त्याच दिवसांत त्याच्यावर घरातले टोमणे पडत असतात, हे विसरून कसे चालेल?

या आजाराला उपचार आहेत. बोलून मन मोकळे करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, औषधे आहेत, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे डॉक्टर निवडून देतात. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि एखादी बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागली, तर बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करीत बसू नये. तिला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आपल्या जुन्या चालीरीतींत या बाबतीत शहाणपण नव्हते, असे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना विश्रांती, शेक, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, रात्रीबेरात्री मुलाला घ्यायला आईचे, मावशीचे हात. यांत बाळंतिणीला झोप मिळत असे, आणि शिकवणारे माणूस उशाशी असे. आजच्या दोन खोल्यांच्या घरात ती दोन्ही मिळेनाशी झाली आहेत. पण या चालीत एक उणीवही आहे. बाप तेवढा बारशाला पाहुण्यासारखा येतो, बाळाला दोन मिनिटे अवघडून हातात धरतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. ज्या दिवसांत सहवासाने त्याचाही मेंदू घडायचा, नेमक्या त्या दिवसांत आपण त्याला दूर ठेवतो. आणि पुढे आयुष्यभर त्याला मुलातले काही कळत नाही, अशी तक्रार करतो. लंगोट बदलणे, अंघोळीनंतर अंग पुसणे, रात्री खांद्यावर घेऊन फिरणे, ही कामे त्याला पहिल्या आठवड्यापासून द्यावीत. पहिले काही दिवस तो चुकेल. आईही चुकतेच.

बारशाच्या दिवशी पाळण्यातल्या बाळाला नाव मिळते. त्याच दिवसापासून बाईलाही एक नवे नाव मिळते. शेजारीपाजारी तिला अमक्याची आई म्हणू लागतात. बाळाचे नाव कानात कुर्रर्र केले की ठेवून होते. आईचे नाव मात्र मेंदूत उतरायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत तिला झोप लागते, मदत लागते, चुकण्याची मुभा लागते. तेव्हा पुढच्या वेळी आपण बारशाला जाल, तेव्हा पाळण्याकडे वळण्यापूर्वी बाजेवर बसलेल्या त्या बाईपाशी क्षणभर थांबावे. "तू कशी आहेस? झोप होते का?" असे विचारावे, आणि ती काय सांगते, ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.